वाटबघीचा कठडा

काकूंनी पाहुणीच्या कपात दुसरा चमचा साखर घातली आणि ती तळाशी राहू नये म्हणून चांगली ढवळली. बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाई बिनसाखरेचा चहा घेतात, हे त्यांना फार वर्षांपासून ठाऊक होतं. अगदी पहिल्या गुरुवारी साखर खरोखरच चुकून पडली होती. पुढे दर गुरुवारी ती चुकतच गेली.

"अगं, बाई साखर घेत नाहीत," असं काका सुरुवातीला सांगायचे.

"अगंबाई, विसरलेच की! दुसरा करून आणू?"

"असू द्या हो वहिनी," असं म्हणून बाई मुकाट्यानं कप रिकामा करायच्या.

कालांतरानं काकांनी सांगणं सोडलं. काकूंनी विसरणं काही सोडलं नाही.

ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा टेबलावर नेहमीसारखे बुटांचे खोके उघडे पडलेले होते. खोक्यांत बूट नव्हते, कार्डं होती. काका नगरपालिकेच्या नकाशा कचेरीत नकाशे काढायचे, आणि बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. दोघांना एकच वेड लागलं होतं. पाटीवर नसलेली, पण लोकांच्या तोंडात असलेली शहरातली नावं गोळा करायची. मिठाची पायरी, उलटी गल्ली, तीन जावांचा बोळ. भांडणाचा नळ म्हणून एक जागा होती. तिथला नळ कधीच काढून टाकला होता, भांडणारी माणसं मरून गेली होती, नाव तेवढं राहिलं होतं. दर नावाला एक कार्ड: जागा कुठे, नाव कोणी सांगितलं, आणि ते का पडलं म्हणतात.

पूर्वी दोघं रविवारी सकाळी शहरभर पायपीट करायची. आता काकांचे गुडघे गेले होते. ते खुर्चीत बसून राहायचे आणि बाई गुरुवारी घरी यायच्या. इतक्या वर्षांचं सगळं आता पुस्तक होऊन छापायला जायचं होतं.

काकू स्वयंपाकघरात गेल्या, पण दार लोटलं नाही. दोघांचं बोलणं ऐकू यावं म्हणून मुद्दाम नाही, असं त्या स्वतःला सांगत. भांडी घासताना मात्र नळ बारीक सोडत.

"हे काढून टाका," बाई म्हणत होत्या. "एकटं नाव आहे. सांगणारा एकच."

"कोणतं?"

"वाटबघीचा कठडा."

एकटं नाव म्हणजे काय, हे काकूंनाही पाठ होतं. एकमेकांशी नातं नसलेल्या तिघांनी तरी सांगितल्याशिवाय नाव धरायचं नाही, हा त्यांचा नियम. दुसरा नियम त्याहून कडक. विचारताना नाव आपण उच्चारायचं नाही. 'इथे मिठाची पायरी कुठली?' असं विचारलं की माणूस कुठलीही पायरी दाखवतो, आणि पुढच्या माणसाला तेच नाव सांगतो. 'या पायरीला काय म्हणता?' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. काका हे इतक्यांदा सांगायचे, की लेक लहानपणी भातुकलीत बाहुलीला तसंच दटावायची.

"शिंप्यानं सांगितलं होतं मला," काका म्हणाले. "कठड्यासमोर दुकान होतं त्याचं. म्हणाला, एक बाई रोज संध्याकाळी इथे उभी असते, कुणाची तरी वाट बघत. आम्ही तिला वाटबघी म्हणतो. किती सुंदर नाव आहे!"

"सुंदर असून काय उपयोग? शिंपी गेला. दुसरं कोणी म्हणत नाही."

"तुम्हीच जाऊन बघा ना एकदा. तिघं भेटले तर ठेवू."

"नियम तो नियम. मिठाच्या पायरीच्या वेळी तुम्ही मला महिनाभर फिरवलंत."

"आणि आज तुम्हीच एका कठड्याच्या मागे हात धुऊन लागलात. तो काय तुम्हाला चावला?"

बाई हसल्या नाहीत. काकूंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. नवऱ्यानं आयुष्यात कशासाठी हट्ट धरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. घराचा रंग, लेकीचं सासर, निवृत्तीचा समारंभ, सगळ्याला 'तू म्हणशील तसं'. आणि आज एका कठड्यावरून हा माणूस भांडतो आहे. बरं, ही बया तरी तो काढायला एवढी का टपली आहे? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्यांनी पातेलं पुन्हा घासलं. ते मघाशीच स्वच्छ झालं होतं.

रात्री काका झोपल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला.

"आई, या वयात?" लेक हसायला लागली. "बाबांना जिना उतरता येत नाही गं."

"आत्ताचं नाही म्हणत मी. तेव्हाचं."

"तेव्हाचं आता कशाला उकरतेस? आणि बाई किती साध्या आहेत. मला भूगोलात त्यांनीच पास केलं."

"साधी माणसं वाट चांगली बघतात," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर त्यांनी बाईंना इतकी वर्षं पाण्यातच पाहिलं होतं. त्यांच्या उंचीवरून, सरळ पाठीवरून, आणि सर्वांत जास्त त्या दोघांच्या हसण्यावरून. एखाद्या बोळाचं नाव निघालं की दोघं एकदम हसायची, आणि का हसली ते तिसऱ्याला कळायचं नाही. संसार काकूंचा होता, पण सगळं शहर त्या दोघांचं होतं. नवऱ्याबरोबर बाजाराला निघालं तरी तो मध्येच थांबून म्हणायचा, "ही बघ, हिला म्हणतात मांजरीची उडी. बाईंनी शोधून काढली." काकू म्हणायच्या, "भाजी घ्यायची आहे."

वहिनी म्हणायच्या बाई त्यांना. एकदा वहिनी म्हटलं की तो भाऊ झाला, आणि भाऊ म्हटलं की सगळ्याला मोकळीक! काकूंना त्या शब्दाचाही राग यायचा.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे असं सांगितलं.

"तुझ्या तोंडात दुखायला दात तरी किती राहिलेत?" काका म्हणाले.

"आहेत तेवढे दुखतात," म्हणत त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली. तपकिरी कापडाची, लाकडी मुठीची, एका काडीपाशी काळं ठिगळ लावलेली. ऊन असो नसो, गुडघ्यांना तिचा आधार होता.

कठडा नकाशा कचेरीच्या मागच्या उतारावर होता, इतपत त्यांना बोलण्यातून कळलं होतं. बसमधून उतरून त्या चढायला लागल्या. दोन्ही बाजूंनी जुनी घरं, मधून दगडी पायऱ्यांची वाट. पहिल्याच वळणावर एक इस्त्रीवाला शर्टावर पाणी शिंपडत होता.

"इथे वाटबघीचा कठडा कुठे आहे हो?"

"कसला कठडा?"

"वाटबघीचा. एक बाई तिथे उभी राहायची म्हणतात, कुणाची तरी वाट बघत. उंच, चष्मेवाली."

"कधी?"

"झाली असतील पुष्कळ वर्षं."

"मावशी, मी गेल्या साली आलो इथे," इस्त्रीवाला म्हणाला. "वर एक कठडा आहे खरा. पण तिथे वाट बघायला कोण जाणार? बस तर खाली येते."

वर बेकरी होती. बेकरीवालीण जन्मापासून त्याच उतारावर राहणारी, तोंडाची फटकळ.

"वाटबघी? हे नाव नाही ऐकलं. आमच्याकडे वाट लावणारे पुष्कळ आहेत, बघणारं कोणी नाही." मग काकूंची धाप पाहून तिनं पाणी दिलं. "कोण होती ती? तुमच्या नात्यातली?"

"छे. नात्यातली कसली."

"मग शोधताय कशाला एवढं?"

काकू पाणी प्यायल्या आणि त्यांनी पेला पालथा घालून ठेवला.

तिसरा, कठड्यासमोरच्या खोपटात किल्ल्या बनवणारा. शिंप्याची जागा आता त्याची होती. त्यानंही मान हलवली, पण कठडा दाखवला. कमरेएवढा, दगडाचा, वर माणसांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेला. काकू टेकल्या. श्वास खाली बसला तेव्हा त्यांनी समोर पाहिलं आणि जागच्या जागी गार झाल्या.

खाली, झाडाच्या फांदीआडून, कचेरीचं मागचं दार दिसत होतं. हिरवं, तीन पायऱ्यांचं. तिथून कोणी बाहेर पडलं, की या कठड्यावरून सहज दिसलं असतं.

झालं. आता आणखी काय पाहिजे?

तरीही त्या परत गेल्या. एकदा नाही, कितीतरी वेळा. दाताचा डॉक्टर फारच हळू काम करणारा निघाला. त्यांना साक्षीदार हवा होता. 'हो, एक उंच बाई यायची, आणि खालून एक गृहस्थ यायचे', असं कोणीतरी तोंडानं म्हणायला हवं होतं. म्हणजे मग घरी जाऊन एक वाक्य बोलता आलं असतं. कोणतं, ते त्यांचं अजून ठरलं नव्हतं. म्हणून दर खेपेला त्या खालपासून वरपर्यंत तेच नाव घेऊन विचारत चढायच्या. कुलपं दुरुस्त करायला आलेल्यांना विचारायच्या, पाव न्यायला आलेल्यांना विचारायच्या. दमल्या की कठड्यावर बसायच्या, छत्री दोन्ही हातांनी पुढ्यात धरून, डोळे त्या हिरव्या दारावर.

"आली का हो तुमची वाटबघी?" किल्लीवाला विचारायचा.

"नाही आली."

"येईल, येईल. बसा निवांत."

एकदा बेकरीवालिणीनं कागदात बिस्किटं आणून दिली. "घ्या. वाट बघायची तर पोट भरून बघावी."

काकूंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी असलं काही बोललं होतं. दोन नियम त्यांना पाठ होते, पण ते आपल्याला लागू आहेत असं कधी मनात आलं नाही. त्या काही नावं गोळा करायला गेल्या नव्हत्या. त्या चोर पकडायला गेल्या होत्या.

साक्षीदार काही मिळाला नाही. शेवटी गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि काकूंचे दात बरे झाले.

त्यानंतरच्या एका गुरुवारी बाई आल्या त्या सरळ उतारावरून. चपला धुळीनं भरलेल्या. काका खुर्चीत पुढे झाले.

"मग? काढायचं ना एकटं नाव?"

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "तिघं भेटले."

"काय सांगता!"

"नाव मी उच्चारलं नाही. कठड्याकडे बोट दाखवून विचारलं, त्याला काय म्हणता? इस्त्रीवाला म्हणाला, वाटबघीचा कठडा. बेकरीवाली म्हणाली, वाटबघीचा कठडा. किल्लीवाला तर माझ्यावरच हसला, म्हणाला, एवढंही माहीत नाही?"

काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मी म्हटलं नव्हतं? शिंपी खोटं बोलणारा माणूसच नव्हता! ऐकलंस का गं?"

दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी ऐकलं होतं.

"आणि कारण?" काकांनी विचारलं. "ते काय सांगतात?"

बाईंनी कार्ड काढलं, चष्मा सारखा केला आणि वाचलं.

"'एक वयस्क बाई इथे येत असे. हातात लाकडी मुठीची तपकिरी छत्री, तिला काळं ठिगळ. तासन् तास खालच्या दाराकडे बघत बसे. ज्याची वाट बघे, तो आलेला कोणी पाहिला नाही. तिच्यावरून हे नाव.'"

छत्री दाराशी, चपलांच्या शेजारी, भिंतीला टेकून उभी होती. बाईंची नजर तिच्यावरून गेली आणि कार्डावर परत आली.

"बिचारी," काका म्हणाले. त्यांचं लक्ष छताकडे होतं. नाव पटलं की ते असेच वर बघायचे. "कोण असेल गं?"

"मला काय विचारता?" काकू म्हणाल्या. "मी कुठे जाते कधी?"

ट्रे टेबलावर ठेवायचा सोडून त्या तो तसाच आत घेऊन गेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. नवऱ्याच्या पुस्तकात त्या बाईची जागा खोदायला गेल्या, आणि स्वतःलाच तिथे पुरून आल्या. उद्या पुस्तक छापलं जाईल, लोक वाचतील, एक म्हातारी कोणाची तरी वाट बघत बसायची आणि तो आला नाही.

मागे पावलं वाजली. इतक्या वर्षांत बाई स्वयंपाकघरात कधी आल्या नव्हत्या. पाहुण्यानं बाहेर बसावं अशीच काकूंनी व्यवस्था ठेवली होती.

"वहिनी, दात कसे आहेत?"

"बरे आहेत."

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. जवळून त्या तितक्या उंच नव्हत्या. बाहेर काका कार्डं चाळत स्वतःशीच गुणगुणत होते.

"तिघांच्याही तोंडात ते नाव कोणीतरी घातलं होतं," बाई हळू म्हणाल्या. "एका वाक्यात कळलं मला. असं नाव आम्ही घेत नाही."

"मग काढून टाका. काढायचंच होतं ना तुम्हाला?"

"काढणारच होते. जरा दम खायला बसले. तेवढ्यात एक पोरगेलीशी बाई चढून आली, कडेवर मूल, हातात पिशव्या. माझ्या शेजारी टेकली आणि मुलाला म्हणाली, 'वाटबघीचा कठडा आहे म्हणून बरं, नाहीतर मेलेच असते.' तिला कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. असं तोंडातून आपोआप आलं, की ते नाव झालं. मग ते कोणी का लावलेलं असेना."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"आणि ती हकीकत? तीही छापणार?"

"लोक सांगतात तीच छापायची."

"आधी दुसरी होती ना? शिंप्याच्या वेळची. तेव्हा तर मी कधी तो उतार पाहिलाही नव्हता."

"होती."

"कोण होती ती?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आधी ओट्यावरचा एक ओला ठिपका तळव्यानं पुसला. "ते एकाच माणसाला माहीत आहे, वहिनी. एकाच्या सांगण्यावर आम्ही काही घेत नाही."

काकू त्या तळव्याकडे बघत राहिल्या. ज्या वाक्यासाठी त्या इतक्या पायऱ्या चढल्या होत्या, ते आता बोलता आलं असतं. समोर माणूस होता, बाहेर नवरा होता. त्यांच्या डोळ्यांसमोर ते हिरवं दार आलं. आणि त्याच्याबरोबर, इतके दिवस का आठवलं नव्हतं कोण जाणे, रोज संध्याकाळी पुढच्या फाटकाशी बस पकडून धावतपळत घरी येणारा, 'आज उभ्यानं यावं लागलं' म्हणणारा आपला नवरा आला.

"हे मागच्या दारानं कधी निघत नसत," काकू म्हणाल्या. "बस पुढून मिळायची."

"हो," बाई म्हणाल्या. "ते मला फार उशिरा कळलं."

बाहेरून काकांनी हाक मारली. "अगं, चहाचं काय झालं? आणि बाई कुठे गेल्या?"

"आणते!" काकू ओरडल्या.

ट्रेमधला चहा गार झाला होता. त्यांनी तो मोरीत ओतला, नवं पाणी ठेवलं, पावडर टाकली. बाई बाहेर जायला वळल्या, तर काकूंनी पायानं कोपऱ्यातलं स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या. दोघी आधण येईपर्यंत भांड्याकडे बघत राहिल्या, जणू ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

काकूंनी दोन कप भरले. एकात साखर घातली, तो काकांचा. दुसऱ्यावर चमचा नेला, थांबवला, आणि डबा झाकून फळीवर ठेवून दिला. कप त्यांनी स्वतःच्या हातानं बाईंच्या हातात दिला.

बाईंनी एक घोट घेतला. कपात बघितलं. मग वर काकूंकडे बघितलं.

"वहिनी," त्या संकोचून म्हणाल्या, "आज साखर विसरलात वाटतं."